नखाची जुनाट बुरशी: ओळख, तपासणी आणि वर्षभराचे उपचार

पायाच्या अंगठ्याचे नख कडेने पिवळे पडू लागते, हळूहळू जाड होते, कापायला गेले की भुसभुशीत चुरा निघतो. दुखत नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षे कुणी लक्ष देत नाही. मग कधीतरी मेडिकलमधून एखादी ट्यूब येते, महिनाभर लावली जाते, नख आहे तसेच राहते आणि 'याला औषधच नाही' असे घरात ठरून जाते. औषध आहे. पण ते कोणते, किती दिवस आणि कोणत्या वाटेने द्यायचे हे कळायला आधी दोन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात: ही खरोखर बुरशीच आहे का, आणि असेल तर ती नखात किती आतपर्यंत गेली आहे.

नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला यातली निम्मी गोष्ट आधीच माहीत असते. स्पर्शजन्य औषध पानावर जिथे पडते तिथेच काम करते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आतून फिरते. नखाचेही तसेच आहे. ट्यूबमधले मलम नखाच्या वर राहते आणि बुरशी असते नखाच्या खाली, नख आणि त्याखालचे मांस यांच्या सांध्यात. नख म्हणजे केराटिनचा घट्ट थर, त्यातून साधे मलम झिरपत नाही. गोळी मात्र रक्तातून नखाच्या मुळाशी आणि खालच्या मांसात पोहोचते. म्हणून गजकर्णाला चालणारी ट्यूब नखाला चालत नाही. (एक इशारा इथेच: द्राक्षाच्या भुरी या बुरशीरोगावर फवारतात ती काही औषधे आणि माणसाच्या बुरशीच्या काही गोळ्या एकाच ॲझोल कुळातल्या आहेत, म्हणून बागेतले औषध नखाला लावून पाहण्याचा मोह होतो. ते माणसासाठी बनवलेले नाही. अजिबात लावू नका.)

नखाकडे नीट बघा

दिवसा, खिडकीपाशी बसून, दोन्ही पायांची आणि दोन्ही हातांची सगळी नखे बघा. नेलपॉलिश काढून टाका. नखांना मेंदी लावत असाल तर थांबवा. मेंदीचा रंग नखात मुरतो, वाढून कापला जाईपर्यंत जात नाही, आणि तोवर खालचा पिवळेपणा ना तुम्हाला दिसतो ना डॉक्टरांना.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार पुढच्या टोकापासून किंवा कडेपासून सुरू होतो आणि मुळाकडे सरकतो. रंग पिवळा, पांढुरका किंवा तपकिरी, नखाखाली चुरा साठलेला, नख मांसापासून सुटलेले. कधी कधी टोकाकडून मुळाकडे जाणारा एकच गडद पिवळा पट्टा दिसतो. तो दिसला तर लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. तिथे बुरशीचा घट्ट गठ्ठा बसलेला असतो, गोळीचे औषध त्यात नीट शिरत नाही आणि तो भाग कापून किंवा खरवडून काढल्याशिवाय उपचार अर्धे राहतात.

दुसरा प्रकार वरवरचा: नखावर खडू पुसल्यासारखे पांढरे डाग, नखाने खरवडले तर भुकटी निघते. हा सोपा, वरून लावायच्या औषधाने बऱ्याचदा बरा होतो. तिसरा प्रकार उलटा असतो, मुळाशी पांढरेपणा सुरू होऊन पुढे येतो. तो क्वचित दिसतो, पण दिसला तर डॉक्टर साखर आणि एचआयव्हीची तपासणी सांगतात, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत तो जास्त आढळतो. घाबरवण्यासाठी ती तपासणी नसते, करून घ्यावी.

हाताच्या नखांची कथा बहुधा वेगळी असते. दिवसभर धुणी-भांडी, हॉटेलचे किचन, मासळी, दूध, भाजी धुणे असे पाण्यातले काम करणाऱ्यांच्या नखाभोवतीची कातडी सुजते, लाल होते, नख आणि कातडी यांना जोडणारी पातळ पापुद्र्यासारखी किनार नाहीशी होते आणि त्या फटीतून कँडिडा नावाची बुरशी आत जाते. नखुरडे म्हणून आपण ज्याकडे बघतो ते वारंवार, महिनोन्महिने होत असेल तर त्याच्या मागे बहुधा हेच असते. इथे हात कोरडे ठेवल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही, आणि पायाच्या नखाला चालणारी पहिली गोळी इथे फारशी चालत नाही. त्यावर पुढे.

बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले

बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्मीच बुरशीची असतात. म्हणजे नुसते बघून गोळ्या सुरू केल्या तर तीन महिने यकृतावरून जाणारे औषध विनाकारण घेण्याची शक्यता अर्धी.

सोरायसिसमध्ये नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा नारिंगी-तपकिरी डाग दिसतो. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी तपासा. तिथे खपल्या असतील तर अंदाज पक्का होतो. लायकेन प्लॅनस या त्वचेच्या आजारात नख उलट पातळ होते, उभ्या रेघा पडतात आणि मुळाकडची कातडी पुढे सरकून नखाला चिकटते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठ-आठ तास सेफ्टी शूज घालणाऱ्यांच्या अंगठ्याचे नख निव्वळ दाबानेही जाड आणि पिवळे होते. दोन्ही पायांना अगदी सारखे, बाकीची बोटे स्वच्छ आणि बोटांच्या बेचक्यात काहीही नाही, असे असेल तर आधी बुटाच्या मापाचा विचार करा. वयस्कर माणसांचे अंगठ्याचे नख मेंढ्याच्या शिंगासारखे वळते. त्यात बुरशी असेलच असे नाही. हिरवट रंग दिसला तर तो बहुधा स्यूडोमोनास या जिवाणूचा, त्याचे औषध वेगळे. आणि वीसच्या वीस नखे एकाच वेळी बिघडली असतील तर बुरशीपेक्षा दुसऱ्या आजाराचा संशय आधी घ्यावा.

एक गोष्ट मात्र थांबून वाचा. एकाच नखात काळा किंवा गडद तपकिरी उभा पट्टा असेल, तो रुंद होत असेल, रंग एकसारखा नसेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर बुरशीचे औषध लावत बसू नका. त्वचेच्या मेलॅनोमा या कॅन्सरची ती खूण असू शकते आणि तो बायोप्सी करूनच नक्की होतो. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, मुळाशी स्वच्छ नख येते. हा पट्टा मुळापासून तसाच राहतो.

बुरशीच्या बाजूने पडणारा सगळ्यात चांगला पुरावा नखात नसून पायात असतो. बोटांच्या बेचक्यात पांढरी, ओलसर, फाटलेली कातडी, म्हणजे आपल्या चिखल्या. किंवा तळव्यावर पीठ भुरभुरल्यासारखा कोरडा कोंडा. दोन्ही तळवे आणि एकच तळहात असा कोरडा झालेला असेल तर ती जवळजवळ बुरशीची सहीच. इगतपुरी-त्र्यंबक-पेठ भागात भातलावणीला दिवसदिवस चिखलात उभे राहणाऱ्या बायकांना चिखल्या दरवर्षी होतात आणि दरवर्षी पावसाबरोबर जातील म्हणून सोडून दिल्या जातात. नखातली बुरशी बहुतेक वेळा तिथूनच चढते.

तपासणी: इथे घाई करू नका

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाचा किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजचा त्वचारोग विभाग, नाहीतर कोणतेही त्वचारोगतज्ज्ञ चालतील. जाण्यापूर्वीची तयारी तुमच्या हातात आहे. बुरशीचे कोणतेही मलम लावत असाल तर दोन ते चार आठवडे आधी बंद करा. आधी गोळ्या घेतल्या असतील तर केव्हा आणि किती ते लिहून न्या, कारण टर्बिनाफिन ही बुरशीची नेहमीची गोळी नखात अनेक महिने टिकते आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दोन-तीन आठवडे ते नख कापू नका. छान कापून, घासून, स्वच्छ करून गेलात तर नमुना घ्यायला काही उरतच नाही.

नमुना कसा घेतला जातो हे माहीत असावे, कारण बऱ्याच चुकीच्या निगेटिव्ह रिपोर्टांचे मूळ इथे असते. आधी नख स्पिरिटने पुसले जाते, म्हणजे वरचे जिवाणू आणि धूळ जाते. मग नखाचा पुढचा सुटलेला भाग मजबूत कात्रीने कापला जातो. टोकाशी साठलेला चुरा टाकून द्यायचा. त्यात मेलेली बुरशी आणि बाहेरचा कचरा असतो. जिवंत बुरशी असते ती रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवर. म्हणून छोट्या चमच्यासारख्या क्युरेटने किंवा ब्लेडने नखाखालून शक्य तितके मागे जाऊन तिथला चुरा खरवडतात. थोडे टोचल्यासारखे होते, रक्त येऊ नये. हा चुरा कागदाच्या घडीत, कोरडा ठेवतात. काळ्या कागदावर घेतला तर किती मिळाला ते लगेच दिसते. चिमूटभर तरी हवा, कारण त्याचे पुढे दोन भाग होतात. पुढचे टोक नेलकटरने टचकन कापून डबीत टाकले आणि नमुना झाला असे कुणी म्हणत असेल, तर 'सीमेवरचा चुराही घ्या' असे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

पहिली तपासणी केओएच. चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवतात, नखासाठी साधारण २० टक्के किंवा त्याहून थोडे तीव्र. कातडीचा नमुना काही मिनिटांत विरघळतो, नखाला तास लागतात, कधी रात्रभर ठेवावे लागते. पंधरा मिनिटांत बघून 'निगेटिव्ह' लिहिले तर त्या निगेटिव्हवर फार विसंबू नये. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, आडव्या भिंती असलेले धागे दिसले की बुरशी आहे हे ठरते. कोणती आहे ते ठरत नाही.

ते कल्चर सांगते. नमुना सॅबुरो डेक्स्ट्रोज आगर या बुरशी वाढवायच्या माध्यमावर ठेवून २५ ते ३० अंश सेल्सिअसला चार आठवडे वाट पाहतात. चार आठवडे खरोखर लागतात. आठव्या दिवशी फोन करून उपयोग नाही. तिसरी तपासणी म्हणजे कापलेले नख फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजी लॅबला पाठवून पीएएस या बुरशी उठून दिसणाऱ्या रंगाने बघणे. बुरशी आहे की नाही हे सांगण्यात ती कल्चरपेक्षा जास्त भरवशाची. केओएच निगेटिव्ह आला पण नख बघून शंका जात नसेल तेव्हा ही मागून घ्यावी.

रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो तो असा. केओएच पॉझिटिव्ह आणि कल्चर 'नो ग्रोथ': हे नेहमीचे आहे, कल्चर बऱ्याच वेळा उगवतच नाही, बुरशी आहे असे धरून पुढे जातात. ट्रायकोफायटॉन रुब्रम किंवा मेंटाग्रोफायटिस कुळातले नाव आले तर सरळ प्रकरण, पायाच्या नखात हीच सर्वाधिक सापडतात. ॲस्परजिलस किंवा फ्युजेरियम एकदाच उगवले तर ते हवेतून पडलेलेही असू शकते, म्हणून पुन्हा नमुना घेऊन तेच उगवते का पाहतात. कँडिडा हाताच्या नखात आली तर महत्त्वाची, पायाच्या नखात एकटी आली तर डॉक्टरांना नीट विचार करावा लागतो.

गोळी

नखाच्या मुळाकडची चंद्रकोर बाधित असेल, निम्म्याहून जास्त नख गेले असेल किंवा तीन-चारपेक्षा जास्त नखे बिघडली असतील तर गोळी लागते. डोस डॉक्टरच लिहून देतील. खालचे आकडे चिठ्ठी समजावी आणि ती मध्येच सोडली जाऊ नये म्हणून दिले आहेत.

टर्बिनाफिन ही पहिली पसंती: प्रौढांना २५० मिग्रॅ रोज एक, हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२ आठवडे. मुलांचा डोस वजनावर ठरतो. सुरू करण्याआधी यकृताच्या तपासण्या, म्हणजे एसजीपीटी आणि एसजीओटी, करून घ्या. बहुतेक डॉक्टर महिना-दीड महिन्याने परत करायला सांगतात. यकृताचा जुना आजार असेल तर ही गोळी नको, आणि हे गोळी लिहिण्याआधी सांगायला हवे. कोर्स सुरू असताना दारू बंद. भूक मेली, मळमळ राहिली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जा. काहींची चव जाते. भाजीला मीठ आहे का नाही कळेनासे होते. ती बहुधा परत येते, पण काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ घेते, म्हणून जाणवताच कळवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांचे शरीरातले प्रमाण वाढू शकते.

कँडिडावर आणि काही इतर बुरशींवर टर्बिनाफिनचा जोर कमी पडतो. तिथे इट्राकोनाझोल. त्याची एक पद्धत हप्त्यांची: २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा एक आठवडा, मग तीन आठवडे सुट्टी. हाताला असे दोन हप्ते, पायाला तीन. ही कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची. पोटात आम्ल असेल तरच ती अंगी लागते, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल आणि वर ही कॅप्सूल असे चालले असेल तर पैसे आणि महिने दोन्ही वाया. ॲसिडिटीची गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा. हृदय कमकुवत असणाऱ्यांना, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल तर, ही देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबरही जपून. सिम्व्हास्टॅटिन तर एकत्र चालतच नाही. बाजारात 'सुबा' प्रकारच्या इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल मिळतात, त्यांचे मिग्रॅ वेगळे असतात. दुकानदाराने 'हे नाही, ते घ्या' म्हटले तर आकडे जुळवून बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

फ्लुकोनाझोल आठवड्यातून एकदा १५० ते ३०० मिग्रॅ, पण सहा महिने ते वर्षभर. हे दोन्हींपेक्षा सौम्य आणि कमी जोराचे. मधुमेहाला ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे: फ्लुकोनाझोलने ग्लिमेपिराइडचा असर वाढून साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोके हलके वाटणे ही लक्षणे घरच्यांनाही सांगून ठेवा. केटोकोनाझोलच्या गोळ्या नखासाठी घेऊ नयेत. यकृताला गंभीर इजा होते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर नखासाठी गोळ्या सुरूच करू नका. नख थांबू शकते.

अपेक्षा किती ठेवावी? अमेरिकेतल्या मान्यतेच्या चाचण्यांत टर्बिनाफिनच्या १२ आठवड्यांनंतर पायाच्या नखातली बुरशी सुमारे ७० टक्के लोकांत गेली, पण नख पूर्ण स्वच्छ दिसले ते ३८ टक्के लोकांत. बुरशी जाणे आणि नख सुंदर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विशेषतः दाबाने आधीच वाकडे झालेल्या नखात.

लॅकर लावायची पद्धत

मुळाला धक्का नसलेल्या, निम्म्यापेक्षा कमी बाधित एक-दोन नखांना नुसते लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखे नखावर लावायचे औषध, चालू शकते. मोठ्या आजारात ते गोळीबरोबर देतात. अमोरोल्फिन ५ टक्के हे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, हाताला सहा महिने, पायाला नऊ ते बारा. रविवार सकाळ ठरवून टाका, म्हणजे विसरत नाही.

आंघोळीनंतर पाय कोरडे करून अर्धा तास थांबा. रोगट नखाचा पृष्ठभाग कानशीने घासून पातळ करा. घासताना तोंडाला मास्क आणि खाली वर्तमानपत्र, ती धूळ श्वासात आणि गादीवर जाऊ देऊ नये. स्पिरिटच्या बोळ्याने मागचे लॅकर आणि धूळ पुसा. मग पातळ एक थर, नखाच्या टोकाच्या खालीही. तीन ते पाच मिनिटे वाळू द्या, मगच मोजे. जाड थर दिला म्हणजे जास्त औषध गेले असे होत नाही. तो सुटून निघतो. ही कानस निरोगी नखाला लावू नका आणि बाटलीची पट्टी नखाला टेकवून परत बाटलीत घालताना आधी पुसून घ्या. थिनर, केरोसीन हाताळण्याचे काम असेल आणि लॅकर हाताच्या नखांना असेल तर रबरी हातमोजे घाला, नाहीतर लॅकर विरघळून जाते. त्यावर रंगीत नेलपॉलिश नको.

सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज रात्री लावायचे, आठ तास धुवायचे नाही, आठवड्याने स्पिरिटने सगळे पुसून पुन्हा सुरुवात, ४८ आठवडे. कष्ट जास्त आणि एकट्याने पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण कमी. चाचण्यांत ते दहा टक्क्यांच्या आतच राहिले.

नख दोन मिलीमीटरपेक्षा जाड असेल तर लॅकर काय, गोळीही रेंगाळते. तेव्हा ४० टक्के युरियाचे मलम उपयोगी पडते. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन किंवा चिकटपट्टीने झाका, फक्त नखावर मलमाचा जाड थर द्या, वर प्लास्टिकचा पातळ तुकडा आणि मायक्रोपोर. रोज बदलत सात-दहा दिवसांत नख भिजलेल्या चामड्यासारखे मऊ होते आणि रोगट भाग खरवडून निघतो. पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर हे घरी करू नका. भूल देऊन अख्खे नख काढणे क्वचितच लागते, आणि नुसते काढून औषध घेतले नाही तर येणारे नवे नखही बुरशीचेच येते.

लिंबू, व्हिनेगर, लसूण, कडुलिंबाचे तेल, बेकिंग सोडा यांनी नखाखालची बुरशी जात नाही. लसूण बांधून ठेवल्याने कातडी भाजलेले पाय मात्र दिसतात. स्टिरॉइड मिसळलेली 'तीन-चार औषधे एकत्र' असणारी ट्यूब त्याहून वाईट. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरत राहते, आणि चिखल्यांवर ती लावणाऱ्याच्या जांघेत पुढे हट्टी गजकर्ण उभे राहते. ट्यूबच्या घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ती नको.

औषध चालते आहे हे कसे ओळखायचे

पायाचे नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलीमीटर वाढते, हाताचे तीन. म्हणजे अंगठ्याचे पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष. तीन महिन्यांचा कोर्स संपतो तेव्हा नख दिसायला जवळजवळ तसेच असते, आणि नेमके तिथेच लोक निराश होऊन डॉक्टर बदलतात. रोगट झालेले नख परत निरोगी होत नाही. ते पुढे सरकून कापले जाते, मागून स्वच्छ येते. द्राक्षाच्या डागी पानाचेही तेच, औषधाने डाग पुसला जात नाही. नवी पालवी स्वच्छ येते का ते बघायचे.

त्यासाठी खूण करा. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून निरोगी आणि पिवळ्या भागाच्या सीमेवर बारीक आडवी खाच पाडून घ्या, आणि नखाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच कोनातून, त्याच उजेडात फोटो. खाच नखाबरोबर पुढे सरकत जाते. पिवळेपणा खाचेच्या पुढेच राहिला आणि मागे गुलाबी नख वाढत गेले तर औषध काम करते आहे, मग नख कितीही कुरूप दिसो. पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे सरकला तर करत नाही. उपचार सुरू करून सहा महिने झाले आणि मुळाशी स्वच्छ नख काहीच आले नाही, तर पुन्हा नमुना, पुन्हा कल्चर. डोस चुकला, औषध अंगी लागले नाही, की बुरशी वेगळी आहे, हे तेव्हा शोधायचे. भारतात गेल्या काही वर्षांत टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीचे गजकर्ण वाढले आहे. अंगावर असे हट्टी चट्टे असतील तर तेही दाखवा.

परत होऊ नये म्हणून

बऱ्या झालेल्यांत बऱ्याच जणांना पुन्हा होते, आणि बहुतेकदा स्वतःच्याच बुटातून. जुने, आतून वास मारणारे बूट उपचार अर्ध्यावर आल्यावर टाकून द्या. कामाचे बूट टाकता येत नसतील तर दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. आतला तळ काढून उन्हात ठेवा, क्लोट्रिमाझोलची पावडर आत टाका. मोजे रोज बदला, उलटे करून ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. पावसाळ्यात मोजे दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर चार जोड जास्त लागतात. रोगट नखाचे नेलकटर वेगळे, त्यावर रंगाचा ठिपका द्या आणि घरात कुणालाही देऊ नका.

चिखल्यांवर नखाबरोबरच उपचार करा. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोलचे साधे मलम, स्टिरॉइड नसलेले, बेचक्यात आणि कडेच्या दोन सेंटिमीटरपर्यंत. कातडी बरी दिसू लागली तरी आणखी एक-दोन आठवडे. घरात आणखी कुणाला चिखल्या किंवा तळव्याचा कोंडा असेल तर त्यांनाही एकाच वेळी औषध, नाहीतर बाथरूमच्या फरशीवरून फेरी सुरू राहते.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी अनेक जण अनवाणी करतात, रामकुंडावर ओल्या पायऱ्यांवरून तासन् तास वावर होतो. श्रद्धेच्या आड औषध येत नाही. फेरीआधी नखे सरळ कापून जा, परत आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या वेगळ्या कोरड्या फडक्याने टिपा आणि पावडर टाका. ठेचाळलेले, सुटलेले नख बुरशीला उघडे दार असते, म्हणून ठेच लागली असेल तर पुढचे दोन-तीन महिने त्या नखावर लक्ष ठेवा.

मधुमेह असणाऱ्यांनी जाड नख स्वतः कापू नये. नखाखालचा दाब आणि बधिर पाय यांतून जखम होते ती दिसत नाही, कळते तेव्हा पू झालेला असतो. नखाभोवती लाली, गरमपणा, सूज, पाणी किंवा पू, पायावर वर चढणारी लाल रेघ किंवा ताप यांपैकी काही दिसले तर बुरशीचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोज रात्री पाय बघण्यासाठी तळव्याखाली छोटा आरसा जमिनीवर ठेवा; वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

नख स्वच्छ झाल्यावरही लॅकर आठवड्यातून एकदा वर्षभर चालू ठेवावे की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा; दर पावसाळ्यात चिखल्या होणाऱ्यांना ते बहुधा फायद्याचे असते. आणि तो दर महिन्याचा एक तारखेचा फोटो आणखी सहा महिने काढत राहा. परतलेली बुरशी टोकाला दोन मिलीमीटर असतानाच दिसली तर गोळीशिवाय, नुसत्या लॅकरवर निभावण्याची शक्यता बरीच असते.